प्रकरण ७ : बाहेरची लाईन

हॅम रेडिओवाल्यांनी प्रात्यक्षिक मांडलेलं असतं. टेबलावर ऑफिसात असतो तसला साधा फोन, त्याची वायर खिडकीतून वर छपरावरच्या छोट्या डिशकडे गेलेली. मांडणारा सांगतो, हा फोन कुठल्याही कंपनीचा नाही, याचं बिल येत नाही आणि डोंगरापलीकडे तीस किलोमीटरवर ठेवलेल्या दुसऱ्या फोनशी तो बोलतो. पाहुणा रिसीव्हर उचलतो, पलीकडच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, खूश होतो. मग हमखास विचारतो, "यावरून आमच्या घरी फोन लागेल का?"

लागतो. डोंगरापलीकडच्या अनोळखी हॅमशी बोलून कोणाचंच समाधान होत नाही. माणसाला आईशी बोलायचं असतं आणि आईकडे हॅमचा फोन नसतो. हॅमच्या जाळ्यावरचा, म्हणजे मेशवरचा फोन बाहेरच्या टेलिफोनच्या जगाला जोडायचं काम एका दुपारचं आहे, तेही या प्रकरणात पाहू. पण ही जोड म्हणजे बाहेरचं दार. ते कुठे ठेवायचं आणि त्यातून कोणाला सोडायचं, हे ठरवायला जास्त वेळ लागतो.

१. आधी आतला वाडा

मागच्या प्रकरणातलं थोडं आठवून घेऊ. अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांनी बाजारात मिळणारे वायफाय राउटर घेतले, त्यांच्या पोटातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून स्वतःचं भरलं. सुरुवातीला लिंकसिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी त्यांचा लाडका होता. आता युबिक्विटी आणि मिक्रोटिकच्या छपरावर लावायच्या डिश वापरतात. हे सॉफ्टवेअर तयार करणारा प्रकल्प म्हणजे ‘अमॅच्युअर रेडिओ इमर्जन्सी डेटा नेटवर्क’, थोडक्यात एआरईडीएन. असा प्रत्येक राउटर म्हणजे जाळ्यातली एक गाठ. गाठी एकमेकींना आपणहून शोधतात आणि एखादी बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने वळवतात. घाटातला रस्ता खचल्यावर एसटी लांबच्या वाटेने जाते, तसंच हे.

या जाळ्याचे पत्ते खाजगी असतात. ते सगळे १० या आकड्याने सुरू होतात आणि जाळ्याबाहेर त्यांना काही अर्थ नसतो. जुन्या वाड्यात ‘मधल्या चौकातली डावीकडची खोली’ म्हटलं की घरातल्या कोणालाही कळतं. पण पाकिटावर तेवढंच लिहून टपालपेटीत टाकलं तर पोस्टमन काय करणार? हे लक्षात ठेवा, पाचव्या भागात लागेल.

२. आतला आकडा, बाहेरचा आकडा

मोठ्या ऑफिसात काम केलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. तीन-चार आकडे लावले की पलीकडच्या टेबलावरचा फोन वाजतो. बाहेर बोलायचं असेल तर आधी शून्य लावायचा, मग नंबर. हे वेगळं करणारं यंत्र ऑफिसच्या कोपऱ्यात असतं. त्याला खाजगी एक्स्चेंज म्हणू.

मेशवर हे काम रास्पबेरी पाय (यापुढे नुसता ‘पाय’) नावाचा तळहाताएवढा संगणक करतो आणि त्यावर बहुधा ॲस्टरिस्क चालतं. ॲस्टरिस्कची गोष्ट गमतीची आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने संगणकसेवेचा छोटा धंदा सुरू केला. फोनची यंत्रणा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच लिहून काढली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली.

ॲस्टरिस्कला नियमांची एक यादी द्यावी लागते. तिला डायल प्लॅन म्हणतात. आपली यादी अशी समजा: २ ने सुरू होणारे चार आकडे आले तर फोन आतलाच. ८ आला तर तो काढून टाक आणि उरलेला नंबर बाहेर पाठव. ० आला तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला दे. शाळेच्या शिपायाला सांगावं इतकं ते सोपं आहे.

बाहेरच्यासाठी ८ का? अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये बाहेरच्या लाईनला सर्रास ९ लावतात आणि लांबच्या नंबराआधी १ लावतात. घाईत बोट त्या १ वर दोनदा पडलं की झालं ९-१-१, म्हणजे तिथला पोलीस-अग्निशमन-रुग्णवाहिकेचा नंबर. कुणा कारकुनाला गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं आणि दारात पोलिसांची गाडी उभी राहते. म्हणून शहाण्याने तिथे ९ टाळावा.

३. एका डबीची दोन भोकं

आता प्रत्यक्ष जोड. एक छोटी डबी लागते. हॅम लोकांत चालणारी एक म्हणजे ग्रँडस्ट्रीमची एचटी ८१३. तिच्या मागे फोनच्या वायरीची दोन भोकं आहेत, एकावर ‘फोन’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘लाईन’. दिसायला जुळी, स्वभावाने एकदम उलटी.

टेलिफोनच्या जोडणीत एक बाजू देणारी असते आणि एक घेणारी. देणारी बाजू म्हणजे एक्स्चेंज: ती ४८ व्होल्टचा वीजदाब पुरवते, रिसीव्हर उचलला की ‘टूंऽऽ’ असा सूर देते आणि कॉल आला की घंटी वाजवायला सुमारे ९० व्होल्टचा झटका सोडते. घेणारी बाजू म्हणजे आपला फोन. डबीचं ‘फोन’ भोक देणारं आहे, ते एक्स्चेंजचं सोंग घेतं. त्यात साधा जुना फोन खोचायचा. ‘लाईन’ भोक घेणारं आहे, ते फोनचं सोंग घेतं. कंपनीकडून भिंतीवर आलेली वायर त्यात जाते. या दोघांना तांत्रिक पुस्तकांत अनुक्रमे एफएक्सएस आणि एफएक्सओ म्हणतात आणि नवखा माणूस त्यांची अदलाबदल करतो म्हणजे करतोच. कंपनीची वायर ‘फोन’मध्ये गेली तर दोन देणारे समोरासमोर येतात आणि घंटीच्या पहिल्या झटक्याला डबी जळू शकते. वायर खोचण्याआधी भोकाखालचं नाव मोठ्याने वाचा, एवढी एक सवय पुरते.

एका कॉलचा प्रवास बघू. मदत छावणीतल्या २१४० नंबरच्या फोनवरून कोणी ८ लावून बाहेरचा नंबर दाबला. फोनने तो पायकडे पाठवला. पायने ८ काढला, बाकीचा नंबर मेशवरून दूरच्या घरात ठेवलेल्या डबीकडे धाडला. डबीने लाईन उचलली, म्हणजे माणूस रिसीव्हर उचलतो तेव्हा जे होतं ते विजेने केलं. मग सूर ऐकला आणि एकेका आकड्याची दोन सुरांची शिट्टी वाजवली. एक्स्चेंजला वाटलं, त्या घरात कोणी तरी फोनशी बसलंय. बोलणारा डोंगरापलीकडच्या तंबूत आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. हा भोळेपणा पुढे एका ठिकाणी महागात पडतो.

कॉल संपल्यावरही एक अडचण आहे. तंबूतल्याने फोन ठेवला तर प्रश्न नाही, पायला ते लगेच कळतं. पण पलीकडच्या आईने आधी ठेवला तर? तांब्याच्या तारेवरून ‘त्यांनी ठेवला’ असा स्पष्ट निरोप येत नाही. एक्स्चेंज क्षणभर वीज तोडतं, काही ठिकाणी तारेची धन-ऋण बाजू उलटवतं, काही ठिकाणी नुसताच ‘टूं टूं’ वाजवत बसतं. डबीला यातलं नेमकं काय ओळखायचं ते सांगितलं नाही तर ती लाईन धरून बसते. रिसीव्हर नीट न ठेवल्यामुळे घरचा फोन दिवसभर बंद राहायचा ना, तोच प्रकार. पहिल्या चाचणीत सगळं छान चालतं आणि दुसरा कॉल लागत नाही तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं.

४. आवाजाची पुडकी आणि डोंगरातला प्रतिध्वनी

मेशवरून आवाज सलग वाहत नाही, त्याची पुडकी बांधून पाठवतात. नेहमीच्या पद्धतीत आवाजाचं मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा घेतात आणि प्रत्येक मापाला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या पुडक्यांत भरायचं. एका पुडक्यात १६० बाइट आवाज आणि वर पत्ता लिहायला ४० बाइट, असे २०० बाइट. पन्नास पुडकी गुणिले २०० बाइट गुणिले ८ बिट म्हणजे ८०,०००. बोलणं दोन्हीकडून, तेव्हा १,६०,००० बिट. छावणीपासून डबीपर्यंत चार टप्पे असतील आणि चारही एकाच चॅनलवर असतील, तर तीच पुडकी हवेत चारदा फेकली जातात, म्हणजे ६,४०,०००. चांगल्या मेशला हे काहीच नाही. पण त्याच वाटेवर कोणी कॅमेऱ्याचा व्हिडिओ सोडला तर पुडकी रांगेत अडकतात आणि बोलणं तुटायला लागतं.

पुडकी वेळेवर येतातच असं नाही. म्हणून फोन ती थोडी साठवून एका लयीत वाजवतो. नगरपालिकेचं पाणी कधी धो-धो, कधी करंगळीएवढं येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली धार सारखी राहते. टाकी मोठी तर धार एकसारखी, पण बोलायला उशीर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर सेकंदाच्या दीड दशांशाच्या आत, म्हणजे १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर तो बहुतेकांना जाणवत नाही. त्यापुढे दोघं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात.

या उशिरामुळे एक जुनं भूत जागं होतं. घरी येणारी टेलिफोनची लाईन दोनच तारांची असते आणि जाणारा-येणारा आवाज त्या एकाच बोळातून चालतो. दोन आवाज वेगळे करणारी जोडणी कधीच शंभर टक्के नेमकी नसते, तेव्हा तुमचा थोडा आवाज सांडून तुमच्याकडेच परत येतो. गावातल्या गावात तो इतक्या लवकर परतायचा की बोलण्यातच मिसळून जायचा. मेशवरून फिरून आला की तो पंचमांश सेकंदाने येतो आणि आपलंच वाक्य कानात पुन्हा ऐकू येतं. गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: मेश ते मेश बोलताना हा प्रतिध्वनी नसतो, तांब्याची लाईन जोडल्याबरोबर येतो. डबीत तो पुसण्याची सोय असते, ती चालू ठेवायची. तरीही राहिला तर डबीतून लाईनकडे जाणारा आवाज थोडा कमी करायचा. नवखा माणूस नेमका वाढवतो.

५. तारच नसेल तर

अमेरिकेत तांब्याच्या तारा आता काढल्या जात आहेत. त्यामुळे दुसरी वाट जास्त चालते: इंटरनेटवरून फोनसेवा देणाऱ्या कंपनीकडून नंबर घ्यायचा. तिथे डबी लागत नाही, पायच कंपनीशी बोलतो. दोघांची बोलायची भाषा म्हणजे सिप. एका नंबरावर एकाच वेळी अनेक कॉल होऊ शकतात, प्रतिध्वनीही बहुतेक वेळा कमी असतो.

इथे वाड्यातल्या पत्त्याची गंमत सुरू होते. सिपमध्ये कॉल म्हणजे निमंत्रणपत्रिका. ‘मी अमुक, मला आवाज या पत्त्यावर पाठवा’ असं तिच्यात लिहिलेलं असतं. मेशवरचा फोन प्रामाणिकपणे आपला १० ने सुरू होणारा पत्ता लिहितो. कंपनी त्या पत्त्यावर आवाज पाठवते आणि तो कुठेच पोहोचत नाही. आपलं बोलणं आईला ऐकू जातं, आईचं आपल्याला नाही. एकतर्फी आवाजाची तक्रार आली की आधी इथे बघायचं. उपाय असा की मेशचा फोन थेट बाहेर जाऊ द्यायचा नाही. पायने दारात बसून दोन्हीकडचा आवाज स्वतः घ्यायचा आणि स्वतः पुढे द्यायचा. कंपनीला फक्त दारवानाचा पत्ता माहीत असतो.

दारवानाला डुलकी लागता कामा नये. सिपचं ठरलेलं दार म्हणजे ५०६० क्रमांकाचं. इंटरनेटवर ते उघडं ठेवलं की चोरांची यंत्रं ते ठोठावू लागतात. पासवर्ड सोपा असेल तर रातोरात तुमच्या नंबरावरून परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल जातात आणि बिल तुमच्या नावाने येतं. म्हणून खात्यात आधी भरलेले पैसेच ठेवायचे आणि परदेशी कॉल बंद करून घ्यायचे.

६. पिझ्झा चालतो, धंदा चालत नाही

रेडिओ आणि टेलिफोन जोडण्याचं वेड नवीन नाही. एके काळी अमेरिकेत फोन कंपनीच्या यंत्राला दुसऱ्या कोणाची वस्तू जोडायला बंदी होती. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी एक पाळणा बनवला. त्यात टेलिफोनचा रिसीव्हर नुसता ठेवायचा, तार जोडायची नाही आणि दूरच्या रेडिओवरचा माणूस फोनवर बोलायचा. कंपनीला तेही चाललं नाही. १९६८ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला आणि दुसऱ्यांची यंत्रं फोनच्या जाळ्यात शिरू लागली. पुढे मोडेम, आन्सरिंग मशीन हे सगळं त्याच वाटेने आलं.

त्याच काळात व्हिएतनाममधले सैनिक लष्कराशी जोडलेल्या हॅम केंद्रांतून घरी बोलत. १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक हरलेले बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते. ॲरिझोनातल्या त्यांच्या केंद्रातून असे दोन लाखांहून अधिक कॉल जोडले गेले. रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकत असल्याने प्रत्येक वाक्यानंतर ‘ओव्हर’ म्हणावं लागे. बायकोला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, ओव्हर’ असं तिसऱ्याच माणसाच्या कानांदेखत सांगायचं!

नियम मात्र तेव्हाही कडक होते आणि आजही आहेत. हौशी रेडिओवर पैसे घेऊन निरोप पोहोचवता येत नाहीत, स्वतःच्या धंद्यासाठी तो वापरता येत नाही आणि अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. १९९३ मध्ये धंद्याचा नियम थोडा सैल झाला तेव्हा पिझ्झाचं उदाहरण हॅममंडळींच्या तोंडी बसलं: भूक लागलेला हॅम रेडिओवरून पिझ्झा मागवू शकतो, पिझ्झावाला रेडिओवरून ऑर्डरी घेऊ शकत नाही.

टेलिफोनच्या दारात हे तीनही नियम अडखळतात. कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेलं संभाषण रेडिओच्या टप्प्यावर चालत नाही, तेव्हा तंबूतला कॉल ऐकणाऱ्याला ऐकू येऊ शकतो. बँकेचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर त्यावर सांगू नये, हे बोलणाऱ्याला आधी सांगायला हवं. आणि बाहेरून आत येणारा कॉल ही तर वेगळीच डोकेदुखी. कर्ज विकणाऱ्या यंत्राने तो नंबर लावला तर हॅमच्या रेडिओवरून जाहिरात प्रसारित होते आणि जबाबदार ठरतो परवानाधारक. माझं मत स्पष्ट आहे: दार बाहेर जाण्यासाठीच उघडं ठेवा. येणारा कॉल आधी माणसाने घ्यावा आणि योग्य वाटला तरच आत सोडावा. वाड्याचा मोठा दरवाजा बंद आणि दिंडी दरवाजाशी एक जण, ही पद्धत उगाच पडलेली नव्हती.

७. दार कुठल्या भिंतीला

बहुतेक जण डबी आपल्या सोयीच्या जागी ठेवतात, म्हणजे जिथे मेशचे बाकीचे फोन असतात त्याच गावात. ही मोठी चूक. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं तेव्हा बेटावरचे सुमारे ९५ टक्के मोबाईल टॉवर बंद पडले. गावातला टॉवर आणि एक्स्चेंज बुडाले त्याच गावात दार असेल, तर मेश जिवंत राहूनही बाहेरची लाईन मेलेली. दार हवं मेशच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस-पन्नास किलोमीटरवर, वेगळ्या एक्स्चेंजच्या, वेगळ्या वीजवाहिनीच्या हद्दीत. मेशचं खरं मोल तिथेच आहे: मेलेल्या लाईनपासून जिवंत लाईनपर्यंत आवाज नेणं. शक्य असेल तर दोन दारं ठेवा आणि पायला सांगा, पहिलं उघडलं नाही तर दुसरं ठोठाव.

एक लाईन किती जणांना पुरते? छावणीत चाळीस माणसं आहेत, प्रत्येकाला तीन मिनिटं आणि मधे बदलायला एक मिनिट. चाळीस गुणिले चार म्हणजे १६० मिनिटं, दोन तास चाळीस मिनिटं. नव्वदच्या दशकातल्या एसटीडी बूथबाहेरची रांग ज्यांना आठवते त्यांना हा हिशेब नवा नाही. तिथे लाल आकड्यांचं मीटर बोलणं आटोपतं घ्यायला लावायचं. इथे मीटर नसतं, म्हणून ॲस्टरिस्कलाच तीन मिनिटांची मर्यादा घालावी.

आता एक्स्चेंजचा तो भोळेपणा. बाहेरचं जग कॉलचा पत्ता दाराच्या पत्त्यावरून ओळखतं. तंबूतल्या माणसाने घाबरून ९-१-१ लावला तर यंत्रणेला पन्नास किलोमीटरवरचं डबीचं घर दिसतं. रुग्णवाहिका तिकडे जाते. यावर यंत्राचा कुठलाही उपाय पुरता भरवशाचा नाही. प्रत्येक फोनला एक चिठ्ठी चिकटवावी: ‘मदत मागताना आधी तुम्ही कुठे आहात ते सांगा, मग काय झालं ते.’

भारतात हौशी रेडिओचा परवाना वेगळ्या नियमांनी मिळतो आणि दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा तो देते. वरचं सगळं अमेरिकेच्या नियमांवर आधारलेलं आहे, इथे ते तसंच्या तसं लागू नाही. मात्र रेडिओ आणि बाहेरची लाईन बाजूला ठेवून, घरातल्या वायरींवर एक पाय आणि दोन फोन जोडून डायल प्लॅन लिहायला काही अडचण नाही. तेवढ्यात या प्रकरणातलं अर्धं शिकून होतं. पुढची वायर भिंतीतल्या खोबणीत खोचण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी काढून वाचा.